बिजलीचं स्थळ

आमच्या मंडळाने अकरा वर्षांपूर्वी शाल-श्रीफळ देऊन माझा जो सत्कार केला, तो चुकीच्या माणसाचा झाला होता.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. सांगायचं नव्हतं असं नाही. दरवर्षी ठरवायचो. पण आधी मोतीबिंदू, मग नातवाची मुंज, मग दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू. ज्यांची माफी मागायची होती त्या कमलताईही आता राहिल्या नाहीत. आणि इकडे मंडळाच्या स्मरणिकेवाले मागे लागलेत, "काका, एखादी जुनी आठवण द्या, जरा हसवणारी द्या." तर घ्या. माझं वय एकोणऐंशी आहे. आता अब्रू सांभाळायला जागाही फारशी उरलेली नाही.

रायपूर राजधानी होऊन बारा-तेरा वर्षं झाली असतील तेव्हा. मी रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालो होतो. घर पुरानी बस्तीतल्या गल्लीत. घरात मी, आमची नलिनी आणि मुलगी रश्मी. रश्मी एका कंपनीत होती आणि रविवारी गावाबाहेर अनाथ जनावरांच्या शेल्टरमध्ये काम करायला जायची. एका रविवारी ती टोपली घेऊन घरी आली.

"बाबा, ये बिजली है. सिर्फ पंद्रह दिन."

(रश्मीला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत. आमच्या घरी मराठीत रागवायचं आणि हिंदीत उत्तर ऐकायचं, अशी पद्धत आहे.)

"काहून? आपल्या घरी उंदीर झाले का?"

"चूहों के लिए नहीं, बाबा. वहाँ कुत्ते बहुत भौंकते हैं. इसने चार दिन से कुछ खाया नहीं."

तिने टोपलीचं झाकण उघडलं. काहीतरी सुर्रकन गेलं आणि दिवाणाखाली नाहीसं झालं. त्यानंतर आम्हाला तिचे फक्त दोन डोळे दिसायचे. नलिनी म्हणायची मांजर काळी आहे, मी म्हणायचो राखाडी आहे, रश्मी म्हणायची तपकिरी आहे आणि अंगावर पट्टे आहेत. एका छपराखाली राहून तिघांचं मांजरीच्या रंगावर एकमत नव्हतं! वाटीतलं दूध मात्र रोज संपायचं, त्यावरून मांजर आहे एवढं नक्की होतं.

बिजली कुकरच्या शिट्टीला भ्यायची. दारावरच्या घंटीला भ्यायची. शेजारच्या देवळातल्या आरतीला भ्यायची. पण सगळ्यात जास्त भ्यायची ती माझ्या शिंकेला. माझी शिंक जरा मोठी आहे, हे मान्य. समोरच्या घरातलं पाळण्यातलं पोर त्या शिंकेने दोनदा उठवलंय. त्यात डॉक्टरांनी सांगितलं की तुम्हाला मांजराच्या केसांचं वावडं आहे. म्हणजे झालं असं, की तिच्यामुळे मी शिंकायचो आणि माझ्या शिंकेने ती पळायची. पळाली की केस उडायचे. केस उडाले की मी शिंकायचो. हे चक्र सकाळी सहाला सुरू व्हायचं.

पंधरा दिवसांचे तीन महिने झाले. मग रश्मीची बदली हैदराबादला झाली आणि ती रडकुंडीला आली.

"बाबा, इसके लिए ऐसा घर चाहिए जहाँ लोगों में सबर हो. नहीं मिला तो वापस शेल्टर. और इस बार वापस गई तो ये खाना छोड़ देगी. बचेगी नहीं, बाबा."

मी हसलो. "अगं, मंडळाचं वधू-वर रजिस्टर बावीस वर्षं कोण सांभाळून राहिलं? तुझा बाप! एकशेचाळीस लग्नं जुळवली मी. एका मांजरीचं काय घेऊन बसली?"

आता आमच्या रजिस्टरची एक भाषा असते, ती तुम्हाला सांगायला हवी. मुलगा काहीच करत नसेल तर आम्ही लिहितो, 'घरच्या शेतीत लक्ष घालतो'. मुलगी भांडखोर असेल तर 'स्पष्टवक्ती'. सासू भांडखोर असेल तर 'घरात वडीलधाऱ्यांचं मार्गदर्शन'. यात खोटं एक अक्षर नसतं. खरंही नसतं. बावीस वर्षं असं लिहून लिहून माझा हात इतका वळला होता, की मी त्याच दुपारी बसून बिजलीचा बायोडाटा लिहिला:

'नाव बिजली. वय दोन वर्षे. वर्ण निमगोरा. (एकमत नव्हतं, म्हणून मधला धरला.) स्वभाव शांत, मितभाषी, घरात रमणारी. बाहेर हिंडण्याची आवड नाही. अपेक्षा: लहान कुटुंब, स्वतःचे घर.'

रश्मीने वाचलं. "बाबा, डरती है, ये कहाँ लिखा है?"

"'घरात रमणारी' लिहिलं ना."

"वो रमती नहीं, छुपती है!"

"स्थळं पाहताना तेच ते असतं, बेटा."

पहिलं स्थळ दोन गल्ल्या सोडूनचं. भोसल्यांच्या काळापासून इथे असलेलं घराणं, कापडाचं दुकान, गोदामात उंदीर. नवरा, बायको, नवऱ्याची आई आणि दोन पोरं असे पाच जण मांजर पाहायला आले. नलिनीने पोहे केले. पोहे झाले, चहा झाला, आमच्या सगळ्या ओळखीपाळखी निघाल्या. मग त्या आजी म्हणाल्या, "आता बोलवा पोट्टीले."

मी म्हणालो, "लाजून राहिली थोडी."

पाऊण तास लाजली. नलिनीने वाटी वाजवली, मी 'ये ये' केलं, पोरांनी दिवाणावर उड्या मारल्या. शेवटी त्या गृहस्थांचा धीर सुटला. चांगले भारदस्त गृहस्थ, पांढरा शर्ट. त्यांनी टॉर्च मागवला आणि जमिनीवर पालथे झोपून मुंडकं दिवाणाखाली घातलं.

"दिसून राहिली! दिसून राहिली! डोळे मस्त हायेत!" ते आतून ओरडले.

आणि मला शिंक आली.

बिजली बाहेर आली ती थेट त्यांच्या टकलावरून. तिथून पडद्यावर. पडदा, त्याची दांडी आणि दांडीवर टांगलेली माझी छत्री हे सगळं एकदम पोह्यांवर आलं. गृहस्थ उठून बसले तेव्हा त्यांच्या कपाळावर तीन समांतर रेघा होत्या, अगदी मापून काढल्यासारख्या.

"कळवतो," ते म्हणाले.

बावीस वर्षांच्या अनुभवावरून 'कळवतो'चा अर्थ मला ठाऊक होता.

दुसरं स्थळ बीरगांवचं. तिथल्या एका कारखान्यात कँटीन चालवणारे होते, त्यांना उंदरांसाठी मांजर हवी होती. फोनवर मी सगळं पक्कं करून टाकलं. रश्मीने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "बाबा! फैक्टरी? ये कुकर की सीटी से डरती है, वहाँ भोंगा बजता है!" आता पक्कं केलेलं मोडायचं कसं? बावीस वर्षांत अशा वेळी जे म्हणत आलो तेच माझ्या तोंडून निघालं. फोन लावला आणि म्हणालो, "माफ कीजिए, पत्रिका नहीं जुड़ रही."

पलीकडून आवाज आला, "अंकल... बिल्ली की?"

मग मी तो बायोडाटा मंडळाच्या फळ्यावरच लावला, इतर वधूंच्या ओळीत. (एकाने गोत्र विचारलं. तो विषय सोडून देऊ.) तिसऱ्या दिवशी फळ्यासमोर कमलताई उभ्या दिसल्या. कमलताई म्हणजे मुलींच्या शाळेतल्या निवृत्त गणिताच्या बाई. लग्न केलं नव्हतं. तेलीबांध्याला नवीन झालेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या.

"खेडकर भाऊ, यात काहीतरी लपवलंय," त्या म्हणाल्या.

"छे हो, ताई."

"मी बत्तीस वर्षं पेपर तपासलेत. उत्तर इतकं गुळगुळीत असलं की ते शेजारणीच्या वहीतलं असतं. भिते का ती?"

"थोडीशी."

"थोडीशी म्हणजे किती?"

मी इकडेतिकडे पाहिलं. "तीन महिन्यांपासून दिवाणाखाली आहे."

"मग तसं लिहा ना! भिणं हा काय गुन्हा आहे? माझ्या वर्गात अर्ध्या पोरी अपूर्णांकांना भ्यायच्या. मला भित्रीच चालेल."

दुसऱ्या दिवशी त्या आमच्या घरी आल्या. नलिनीचे पोहे बाजूला ठेवले, दिवाणाकडे पाठ करून फरशीवर बसल्या आणि हळू आवाजात नागपूरचा मराठी पेपर वाचायला लागल्या. अग्रलेख वाचला, बाजारभाव वाचले. तासाभराने पेपरची घडी केली, "येते," म्हणाल्या आणि गेल्या. मागे वळून एकदाही पाहिलं नाही. असं सलग सहा दिवस. पहिल्या दिवशी नलिनी मला आत ओढून म्हणाली, "अहो, या बाईले काही झालं तर नाही ना?" सहाव्या दिवशी ती स्वतःच दारामागे उभी राहून बाजारभाव ऐकत होती.

सातव्या दिवशी दिवाणाखालून एक पंजा आला आणि ताईंच्या पदरावर टेकला.

ताईंचं वाचन थांबलं नाही. त्याच सुरात, बातमी वाचल्यासारखं त्या म्हणाल्या, "भाऊ, हलू नका. पाहू नका. आणि शिंकू नका."

"ताई, येऊन राहिली!" मी नाक दाबून म्हणालो.

"मग बाहेर जाऊन शिंका."

मी गल्लीत धावत सुटलो आणि देवळासमोर जाऊन शिंकलो. आरतीला जमलेली माणसं थांबली. पण स्थळ जुळलं!

ताईंची अट एकच होती. "चाळीस दिवस माझ्या घरी कोणीही यायचं नाही. तिला घर ओळखू द्या. आणि भाऊ, तुम्ही तर मुळीच यायचं नाही." रश्मी डोळे पुसत, हसत हैदराबादला गेली. जाताना म्हणाली, "बाबा, अब कुछ मत करना. प्लीज."

इथपर्यंतची गोष्ट मंडळात सगळ्यांना माहीत आहे. पुढची माहीत नाही.

मी जुळवलेल्या प्रत्येक लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात मुलीच्या सासरी एक चक्कर मारतो. मुलगी रमली का, पाहून येतो. एकशेचाळीस लग्नांत हा नेम चुकला नाही. एकविसाव्या दिवशी मी करंज्यांचा डबा घेऊन निघालो.

"त्यांनी नाही म्हटलं ना! मग काहून जाता?" नलिनी म्हणाली.

"दारातूनच पाहतो. पाच मिनिटं."

"तुमची पाच मिनिटं मले माहीत हायेत."

आता चपलांचं सांगावं लागेल. त्या वर्षात माझे दोन जोड चोरीला गेले होते, एक देवळातून आणि एक मंडळाच्या हॉलमधून. म्हणून मी एक युक्ती काढली होती: एक चप्पल इथे काढायची, दुसरी दूर तिकडे. एकट्या चपलेचं चोर काय करणार? या युक्तीचा मला इतका अभिमान होता की मी ती लोकांना शिकवायचो. तर ताईंच्या मजल्यावर पोचल्यावर एक चप्पल मी जिन्यापाशी काढली. तिथे कोणाचा तरी जुना लोखंडी कूलर पडला होता, त्याच्या आडोशाला. दुसरी काढली दार उघडल्यावर, ताईंच्या उंबऱ्याच्या आत, दाराला लागून. ताईंचं दार नव्या पद्धतीचं होतं. सोडलं की आपोआप मिटायचं आणि 'खट्' व्हायचं.

ताईंनी दार उघडलं. ओठांवर बोट. "चाळीस म्हणजे चाळीस, भाऊ! आज एकविसावा आहे!"

"दोन मिनिटं, ताई. करंज्या आणल्या."

मी आत गेलो. मागे दार आपोआप सरकलं. 'खट्' झालं नाही. पण 'खट्' न होणं कुठे ऐकू येतं?

आणि समोर बिजली होती. सोफ्यावर, उन्हात, पाय पसरून! पहिल्यांदा मी तिला निवांत, अख्खी पाहिली. तपकिरी होती, अंगावर पट्टे होते, चारही पाय पांढरे. रश्मीचं बरोबर होतं. ताईंनी करंजी मोडली, बिजलीने कान हलवला, पण पळाली नाही. मला इतकं भरून आलं म्हणून सांगू! आणि त्यामागून शिंक आली.

सोफा रिकामा झाला.

"गेली खाटेखाली," ताई म्हणाल्या. आवाज थंड होता. "एकवीस दिवसांची मेहनत गेली. आता तुम्ही घरी जा."

मी मान खाली घालून दाराशी आलो. दार मिटलेलं नव्हतं. चार बोटं उघडं होतं, आणि त्या फटीत माझी डावी चप्पल अडकलेली होती.

मी चपलेकडे पाहिलं. मागे वळून पाहिलं, ताई करंज्यांचा डबा आत ठेवत होत्या. चार बोटांतून मांजर जाते का? जाते. मला तेव्हाही माहीत होतं. पण ताई म्हणाल्या होत्या खाटेखाली गेली. गणिताच्या बाई म्हणाल्या म्हणजे बरोबरच असणार. मी चप्पल पायात घातली, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. खट्. मग कूलरपाशी जाऊन दुसरी घातली.

(हा परिच्छेद लिहायला मला अकरा वर्षं लागली आहेत.)

संध्याकाळी फोन आला. "भाऊ, बिजली सापडत नाही."

"नीट पाहा ताई, खाटेखाली असंल."

"खाट हलवली. कपाटं हलवली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई रिक्षा करून आमच्या घरी आल्या. साडीच्या निऱ्या वरखाली झाल्या होत्या. बत्तीस वर्षांत कोणी त्यांना असं पाहिलं नसेल. त्या बसल्याही नाहीत.

"बाल्कनीची जाळी मीच उघडी ठेवली असणार," त्या म्हणाल्या. "कपडे काढायला गेले होते. लावल्याचं आठवतं, पण लावली नसणार. नाहीतर जाईल कुठून? भाऊ, तुम्ही विश्वासाने पोरगी दिली होती माझ्याकडे. मला माफ करा."

आता बोलायचं होतं. तीन शब्द होते. 'ताई, दार मी...' एवढे. बाकीचं त्यांनी स्वतः समजून घेतलं असतं. मी तोंड उघडलं. नलिनी माझ्याकडे पाहत होती, ताई माझ्याकडे पाहत होत्या, आणि माझ्या तोंडून निघालं:

"असू द्या, ताई. होतं असं. माणूसच आहे, चुकतं."

मी त्यांना माफ केलं!

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमचं मन फार मोठं आहे, भाऊ," त्या म्हणाल्या.

मग मी बिजलीला शोधायला लागलो. असं शोधलं नसेल कोणी कोणाला! सकाळी आठला मी तेलीबांध्याला हजर. तलावाकाठी फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारायचो. कागदावर 'शांत, मितभाषी, घरात रमणारी मांजर हरवली आहे' असं लिहून खांबाखांबावर चिकटवलं. ताईंनी ते सगळे कागद काढले आणि नवे लावले: 'बहुत डरती है. पकड़ें नहीं. बुलाएँ नहीं. चुपचाप बैठ जाएँ और फ़ोन करें.' इमारतीचा वॉचमन रोज मला धीर द्यायचा. "हव बबा, देखे हंव! ओदे, पाछू डहर!" पाहिली म्हणतो, म्हणून मी मागच्या बाजूला धावायचो. तिथे दर वेळी वेगळा बोका असायचा. तिसऱ्या दिवशी त्यातल्या एकाने मला ओरबाडलं, आणि मी ते पट्टी बांधलेलं बोट घेऊन हिंडायला लागल्यावर तर लोक हळहळायलाच लागले. "परक्या बाईच्या मांजरीसाठी हा माणूस बघा!"

हैदराबादहून रश्मीचा फोन. "बाबा, डरी हुई बिल्ली दूर नहीं जाती. आसपास ही देखो. बाल्कनी से गिरी होती तो नीचे मिलती. मेन दरवाज़ा तो बंद था ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा? दरवाज़ा बंद था ना?"

"आवाज येऊन नाही राहिला, बेटा," मी म्हणालो आणि फोन बंद केला. आवाज स्वच्छ येत होता.

चौथ्या दिवशी ताईंनी ठरवलं की जिन्यात बसून पेपर वाचायचा. आवाज ओळखीचा आहे, येईल. त्या वरच्या मजल्यांवर वाचणार, मी खालच्या. त्यांनी पेपर अर्धा केला. माझ्या वाट्याला निविदांचं पान आलं. मी पहिल्या मजल्याच्या जिन्यात भिंतीकडे तोंड करून मोठ्याने वाचत बसलो: "मोहोरबंद निविदा मागविण्यात येत आहेत..." एक बाई भाजीची पिशवी घेऊन वर चालल्या होत्या. थांबल्या.

"अंकलजी, तबीयत तो ठीक है ना?"

"जी हाँ. बिल्ली को टेंडर सुना रहा हूँ."

त्या उरलेले जिने धावत चढल्या.

पाचव्या दिवशी दुपारी माझं अंग गळून गेलं. बिजलीने पाच दिवस काही खाल्लं नव्हतं, आणि रश्मीचे शब्द माझ्या डोक्यातून जात नव्हते. तिसऱ्या मजल्यावर आलो आणि त्या लोखंडी कूलरला पाठ टेकून खाली बसलो. निविदा वाचायचंही त्राण नव्हतं. आणि शिंक आली. मग दुसरी. मग तिसरी.

धुळीने मला एक शिंक येते. सर्दीने दोन. लागोपाठ तीन शिंका या जगात मला फक्त एकाच गोष्टीने येतात!

मी ओणवा झालो. कूलरची एका बाजूची जाळी निखळली होती. आत वाळलेल्या गवताच्या मागे दोन डोळे होते. ताईंच्या दारापासून मोजून दहा पावलं. सगळं तेलीबांधा आम्ही पालथं घातलं होतं!

मी नाक घट्ट दाबून ताईंना आणलं. त्या कूलरकडे पाठ करून फरशीवर बसल्या. आवाज कापत होता, तरी बाजारभाव वाचले. पाऊण तास. मग पंजा आला. मग डोकं आलं. मग सगळी बिजली, हाडं आणि पट्टे, त्यांच्या मांडीत येऊन बसली. मी जिन्यात दोन मजले खाली उतरून रडलो आणि शिंकलो. दोन्ही एकदम करता येत नाही असं कोणाला वाटत असेल तर येतं.

बिजलीने दूध प्यायल्यावर ताई म्हणाल्या, "भाऊ, एक हिशेब लागत नाही. बाल्कनीतून पडली तर ती खाली पडणार. मग तीन मजले चढून माझ्या दारापाशी आली? दिवसाढवळ्या? ही?"

"घराची ओढ असते, ताई," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तरपत्रिका पाहतात तसं. मग म्हणाल्या, "असेल."

महिन्याभराने मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात माझा सत्कार ठेवला. एका मुक्या जिवासाठी पाच दिवस, जखमी हाताने, वगैरे. भाषण खुद्द कमलताईंनी केलं. "चूक माझी होती," त्या तीनशे लोकांसमोर म्हणाल्या, "पण भाऊंनी मला एका शब्दाने बोल लावला नाही." टाळ्या! मी उत्तर द्यायला उठलो. ठरवून उठलो होतो, शपथ. माईक धरला आणि म्हणालो, "ताई, त्या दिवशी दार..." माईक किंचाळला. अध्यक्षांनी माझ्या हातात नारळ दिला. आणि आभारप्रदर्शनवाल्यांनी मला हळूच बाजूला सारलं. मी खाली बसून विचार केला, पुढच्या वर्षी सांगू.

पुढच्या सहा वर्षांत मी ताईंच्या घरी किती वेळा गेलो याची गणती नाही. एकदा सांगायला सुरुवात केली तर त्या म्हणाल्या, "शू, बिजली झोपलीय." एकदा मी पत्र लिहिलं. वाचून पाहिलं तर त्यात मी 'अनवधानाने दार किंचित अपूर्ण मिटले गेले' असं लिहिलं होतं. फाडून टाकलं. रजिस्टरची भाषा हातातून गेलेली नव्हती.

मग ताईंचे गुडघे संपले आणि नागपूरचा भाचा त्यांना न्यायला आला. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. ताई खिडकीपाशी, मांडीवर बिजलीची टोपली. मी खिडकीच्या गजांना धरून उभा. गाडी सुटायला चार मिनिटं होती.

"भाऊ, काही सांगायचं होतं का?" ताईंनी विचारलं.

"हो."

"मग सांगा." आणि त्या टोपलीकडे पाहत, माझ्याकडे अजिबात न पाहता, थांबल्या. एक मिनिट. दोन मिनिटं. काही घाई नसल्यासारख्या.

"ताई..."

"हं."

"पाण्याची बाटली घेतली ना?"

"घेतली, भाऊ."

गाडीने शिट्टी दिली. टोपलीत हालचाल नाही. बिजली भ्याली नाही! गाडी हलली. मी तिच्याबरोबर चालायला लागलो, मग धावायला लागलो. आता किंवा कधीच नाही, म्हणून सगळा जीव एकवटून ओरडलो, "ताई! दार! दार...!"

त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. चेहऱ्यावर काळजी होती. "लावून आले, भाऊ!" त्या ओरडल्या. "त्या दिवसापासून दोनदा पाहिल्याशिवाय निघत नाही मी! आजही दोनदा पाहिलं!"

प्लॅटफॉर्म संपत आला होता. अजून एक श्वास शिल्लक होता, तेवढ्यात 'मी उघडं ठेवलं होतं' हे आरामात मावलं असतं. मी तो श्वास घेतला, दोन्ही हात वर केले, आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो,

"शाब्बास, ताई!"